सुरगाठ

परवा रात्री साडेअकराला अमेरिकेतून मावसभावाचा फोन. आमच्या दादाला तिथल्या आणि इथल्या वेळेचं गणित आजवर जमलेलं नाही. शिवाय कसलीही खरेदी करायची झाली की त्याला आधी मला विचारायचं असतं. लॅपटॉप, मिक्सर, सेकंडहँड गाडी, सगळ्याचा सल्ला चिंचवडहून जातो. या वेळी म्हणाला, "अरे, एक लीश घ्यायची आहे. दहा प्रकार दिसतायत. कळत नाहीये कुठली घेऊ."

मी अर्धवट झोपेत विचारलं, "कुत्रा घेतलास?"

कुत्रा नव्हता. बोर्डाची लीश होती, पॅराविंगसाठी. तर मंडळी, आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण मलाही तीन वेळा समजावून घ्यावं लागलं. पाण्यावर उभं राहायचा एक बोर्ड. त्याच्या खाली साधारण ८० ते ९० सेंटिमीटर लांबीचा खांब आणि खांबाच्या तळाशी विमानाला असतात तसे छोटे पंख. त्याला फॉइल म्हणतात. वेग आला की पाण्यातले पंख सगळ्या लवाजम्याला वर उचलतात आणि बोर्ड पाण्याला न टेकता हवेतून जायला लागतो. हा वेग यायला वारा लागतो, त्यासाठी हातात एक कापडी पंख. कामशेतला पवना धरणाच्या बाजूला डोंगरावरून उडी मारणारे पॅराग्लायडर तुम्ही एक्सप्रेसवेवरून जाताना पाहिले असतील. त्याचंच हे धाकटं भावंड, दोऱ्या आणि हातात धरायच्या दांड्यासकट. गंमत अशी की उसळत्या लाटेचा जोर मिळाला की हा पंख चुरगाळून कमरेच्या पिशवीत कोंबायचा आणि मोकळ्या हातांनी लाटेवरून पळायचं. माउईच्या ग्रेग ड्रेक्सलरने २०२४ साली 'काआ' नावाचा असा पंख बाजारात आणला आणि बघता बघता सगळ्यांना वेड लागलं. आमच्या दादालाही.

आता यात लीश म्हणजे माणूस आणि बोर्ड यांना बांधून ठेवणारी दोरी. मला वाटलं होतं दहा मिनिटांत उत्तर देऊन झोपता येईल. प्रत्यक्षात शनिवार गेला, रविवार गेला. पोहण्याशी माझा संबंध महानगरपालिकेच्या तलावात कडेचा दांडा धरून पाय मारण्यापुरता, समुद्र इथून दोन घाट... बरं, एक घाट उतरून पलीकडे. पण दोरीचा इतिहास निघाला फार भारी. आणि त्यात शेवटी आमचे बाबा आले, ते कसे ते पुढे सांगतो.

पंखाचा आणि फॉइलचा इतिहास पटकन संपवू, कारण तो सगळीकडे मिळतो. फॉइल शंभर वर्षांहून जुनं आहे. इटलीत एन्रिको फोर्लानिनीने १९०६ साली ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास बोट उचलून पळवली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या एचडी-४ ने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटर गाठले (आपण चाकण चौकात संध्याकाळी सहाला किती गाठतो ते सोडा). पंखाचं श्रेय फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या नवरा-बायकोला. १९४८ साली घरातला स्वयंपाकघराचा पडदा शिवून त्यांनी लवचीक पतंग केला, १९५१ साली पेटंट मिळालं. नासाने त्यालाच पॅराविंग म्हटलं. जेमिनी यान त्याच्या साहाय्याने जमिनीवर उतरवायचा विचार होता, तो १९६४ साली बारगळला. म्हणजे नाव नासाचं, कापड पडद्याचं, आणि खेळ आता आमच्या दादाचा.

पण दोरी कुठून आली?

ती आली लाटेवरच्या सर्फिंगमधून. पूर्वी सर्फिंग करणारे बोर्डाला स्वतःला बांधून घेत नसत. पडलात की बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याला जाणार आणि तुम्ही पोहत त्याच्यामागे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, उलट जो नीट पोहतो त्यानेच लाटेवर जावं असा रिवाज होता. टॉम ब्लेक नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात कमरेला सुती दोर बांधून पाहिला आणि धोकादायक म्हणून सोडून दिला. मग १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या पॅट ओनीलने दवाखान्यातली रबरी नळी वापरली. ताणली जाते, तुटत नाही, बोर्ड परत येतो. जुनेजाणते हसले. नवशिक्यांची दोरी म्हणून टिंगल झाली.

पॅटचे वडील जॅक ओनील. थंड पाण्यात घालायचे वेटसूट विकून मोठे झालेले. त्यांचा दाढीवाला, एका डोळ्यावर काळी पट्टी असलेला फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. ती पट्टी हौसेची नव्हे. मुलाने काढलेल्या त्याच रबरी दोरीने ताणून परत फेकलेला बोर्ड त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. समजा, दोरी १ मीटर ताणली गेली आणि शेवटी तिची ओढ ३०० न्यूटन झाली, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतकी. माणूस पडतो तेव्हा ही काही फार मोठी ओढ नव्हे. साठलेली ऊर्जा झाली १५० ज्यूल. दादाचा बोर्ड आणि फॉइल मिळून धरा ६ किलो. सगळी ऊर्जा वेगात गेली तर बोर्ड सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तुमच्याकडे येणार. पाणी थोडा वेग खाईल, मान्य. पण हीच ऊर्जा क्रिकेटच्या बॉलला दिली तर तो ताशी १५५ च्या आसपास जातो. आणि हा बॉल नाही, याला खाली कार्बन फायबरचे पातळ कडांचे पंख आहेत.

एवढं होऊनही ओनील बापलेकांनी किंवा त्यांच्यामागून आलेल्यांनी दोरी टाकून दिली नाही. त्यांनी दोरी बदलली. रबरी नळी गेली, कमी ताणली जाणारी पॉलियुरेथेनची दोरी आली, घोट्याला वेल्क्रोचा पट्टा आला, पीळ पडू नये म्हणून फिरती कडी आली. दहा-एक वर्षांत हसणारेही बांधायला लागले. पुढे १९९४ च्या डिसेंबरात मार्क फू हा नावाजलेला सर्फर मॅव्हरिक्सच्या अजस्र लाटेत गेला. दोरी तळाच्या खडकात अडकली असावी असा अंदाज तेव्हापासून आहे. तरी दोरी राहिली, फक्त मोठ्या लाटेवर जाणारे ती कशी सोडायची याचा विचार जास्त करू लागले.

आता कथेला वळण. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली पाण्यावर पडला तरी पुन्हा उडवता येईल अशा, हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी काइटसर्फिंग जोरात सुरू झालं. या खेळात आलेल्या बऱ्याच जणांना लाटेवरची सवय होती, त्यांनी बोर्डाला दोरी लावली. आणि गणित उलटं पडलं. लाटेवर बोर्ड पळतो आणि माणूस जागेवर राहतो. पतंगात माणूस पळतो आणि बोर्ड मागे राहतो. म्हणजे पतंग तुम्हाला ओढत नेतोय, बोर्ड पाण्यात रुतून बसलाय, मधली दोरी ताणतेय, ताणतेय... आणि मग बोर्ड सुटतो आणि थेट डोक्याच्या मागच्या बाजूला. ओनीलच्या डोळ्याची गोष्टच, पण कित्येक पट जोरात. त्यामुळे काइट शिकवणाऱ्या बहुतेक शाळा आज सांगतात, बोर्डाला दोरी लावू नका. पतंगाच्या ओढीनेच पाण्यातून आडवंतिडवं सरपटत बोर्डापर्यंत परत जायला शिका. दोरी असते ती पतंगाला, आणि तीही एका झटक्यात सोडता येईल अशी.

मधल्या काळात विंडसर्फिंग होतं, १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेलं. त्यात दोरी लागतच नाही. शीड बोर्डालाच जोडलेलं असतं. तुम्ही पडलात की शीड पाण्यात आडवं पडतं, नांगरासारखं अडतं आणि बोर्ड तिथेच थांबतो. आणि फॉइलवर पहिल्यांदा मोठ्या लाटांवर गेलेले लेअर्ड हॅमिल्टनसारखे लोक तर बर्फावरचे बूट बोर्डाला ठोकून त्यात पाय घालत. बोर्ड दूर जायचा प्रश्नच नाही, तुम्हीच बोर्ड. पुढे पाय मोकळे ठेवून फॉइलवर उभं राहायची पद्धत आली आणि दोरीचा प्रश्न परत आला.

हे सगळं शनिवारी दुपारपर्यंत जमवलं आणि माझ्या लक्षात आलं की लीश जाड की बारीक, लाल की निळी, हा प्रश्नच नाही. हात सुटला की कोण कुणापासून पळणार, हे आधी ठरवावं लागतं. लाट, पतंग, शीड, प्रत्येकाचं उत्तर वेगळं, म्हणून प्रत्येकाची दोरी वेगळी. एका खेळातला शहाणपणा दुसऱ्या खेळात नेला की माणूस गोत्यात येतो.

मी दादाला शनिवारी रात्री (म्हणजे त्याच्या सकाळी, मला गणित येतं) फोन करून हे ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला एक सांगू? वहिनीला बोलू नकोस."

दादा चार वर्षं काइट करतोय. त्यामुळे "बोर्डाला दोरी नाही" हे त्याच्या हाडात भिनलेलं. पॅराविंग घेतल्यावरही तो दोरीशिवायच उतरला. तीन आठवड्यांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ओहोटीच्या वेळी पडला. तिथे वारा समुद्रावरून आत येतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. ओहोटी उलट, गोल्डन गेटच्या पुलाखालून बाहेर. हलका बोर्ड वाऱ्याबरोबर पूर्वेला निघाला. पाण्यात मानेपर्यंत बुडालेला दादा ओहोटीबरोबर पश्चिमेला. आणि भिजलेला पंख पाण्यात नांगरासारखा पसरलेला, त्याच्या बारीक दोऱ्या एका पायाला गुंडाळलेल्या. पतंग असता तर त्याच्या ओढीने सरपटत बोर्डापर्यंत जाता आलं असतं. या छोट्या पंखात तेवढा जोर नाही. तो पोहला. पाच मिनिटांत बोर्ड लाटांमागे दिसेनासा झाला. पुढे कुणाच्या तरी बोटीने त्याला पाहिलं म्हणून तो मला रात्री साडेअकराला फोन करायला उरला.

"किती वेळ होतास पाण्यात?"

"चाळीस मिनिटं असतील. थंडी फार होती रे."

मग मी पण गप्प झालो.

झोप उडाली होती म्हणून पुढे वाचत बसलो. आपल्याकडे कुणी असा बांधून घेऊन समुद्रावर गेला आहे का? आहे की, आणि कसा! कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन अशा चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये मुंबईत परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची, नौका बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. तिन्ही नावं मराठी. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा धडा का नव्हता, हा प्रश्न मला अजून पडतो. असो.

एकट्या खलाशाचं बघा. १७ मीटर लांबीची नौका स्वयंचलित सुकाणूवर चालली आहे, तुम्ही पुढच्या टोकाला शीड बदलायला गेलात आणि पाय घसरला. नौकेला तुम्ही गेल्याचा पत्ताही नसतो. ती आपली तशीच, व्यवस्थित, ठरलेल्या दिशेने निघून जाते. म्हणजे इथे पळणारी नौका आहे आणि ती कधीच परत येणार नाही. म्हणून छातीच्या पट्ट्याला जोडलेली दोरी, दुसऱ्या टोकाचा हूक नौकेवर. शर्यतींच्या नियमात ही दोरी २ मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि १ मीटरवर अडकवायचीही सोय ठेवायला सांगतात. एवढी आखूड का? कारण लांब दोरीवर माणूस कठड्यापलीकडे पडला तर वाचत नाही, नौकेच्या वेगाने पाण्यातून फरफटला जातो. दोरीचं काम पडलेल्याला परत आणणं नसून मुळात पडूच न देणं. चांगल्या दोरीत एक रंगीत शिवण लपवलेली असते, एकदा मोठा झटका बसला की ती उसवून बाहेर दिसते. म्हणजे ही दोरी आता निवृत्त करा. मला हे फार आवडलं. आमच्या सर्व्हरना अशी शिवण असती तर!

फ्रान्सचे एरिक ताबार्ली, शिडाच्या नौकांमधला देवमाणूस, १९९८ च्या जूनमध्ये आयर्लंड आणि वेल्सच्या मधल्या समुद्रात रात्री नौकेवरून पडले आणि गेले. दोरी बांधलेली नव्हती. याच्या उलट, १८ नोव्हेंबर २०१७ ला दक्षिण महासागरात क्लिपर शर्यतीतला एक खलाशी नौकेबाहेर पडला तेव्हा तो व्यवस्थित बांधलेला होता. पण दोरीचा हूक डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीखाली अडकला, त्याच्यावर आडवा ताण आला, आणि सरळ ओढीला कितीतरी वजन पेलणारा तो हूक वाकून उघडला. खलाशी वाचला नाही. ब्रिटिश सरकारच्या तपास अहवालात हे सगळं आहे. वाचताना पोटात खड्डा पडतो, कारण माणसाने सगळं बरोबर केलं होतं.

रविवारी सकाळी मी हे पोहे खाताना आईला सांगत होतो. बाबा पेपर वाचत होते. ते फारसे बोलत नाहीत. अचानक पेपर खाली ठेवून म्हणाले, "कासरा हाताला गुंडाळायचा नसतो."

बाबा मूळचे खेड तालुक्यातले, चाकणच्या पलीकडचे. तिथे कारखाने यायच्या आधी बैल होते. दावं वेगळं, कासरा वेगळा. दावं खुंट्याला बांधायचं. कासरा हातात धरायचा, पण नुसता धरायचा. बैल उधळला आणि कासरा मनगटाला गुंडाळलेला असला तर बैल थांबत नाही, माणूस जातो. आजोबांनी त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं म्हणे.

मग त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला.

त्या हाताची मधली दोन बोटं पेराएवढी आखूड आहेत. लहानपणापासून पाहतोय. प्रेसमध्ये गेली, एवढंच माहीत होतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आपल्या पट्ट्यात अशी बोटं इतकी आहेत की विचारायचं सुचत नाही. रविवारी सांगितलं.

१९८९ साल, भोसरीतला एक कारखाना. जुना पॉवर प्रेस. पायाने पॅडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येणार, पत्रा कापून परत वर जाणार. त्या काळच्या क्लचचा प्रकार असा की एकदा सुटलेला ठोकळा मध्ये थांबवता येत नाही, फेरा पुरा होणारच. म्हणून कामगाराच्या दोन्ही मनगटांना पट्टे, पट्ट्यांना तारा, तारा वरून ठोकळ्याच्या हालचालीला जोडलेल्या. ठोकळा खाली यायला लागला की तारा हात मागे खेचणार. तुमची इच्छा असो नसो. बाबा आणि त्यांचे मित्र त्याला कासराच म्हणायचे, पण बैल म्हणजे आपण!

"मग काढून ठेवले होते का पट्टे?" मी विचारलं. कारण पीसवर पैसे असले की लोक पट्टे काढतात, हात लवकर चालतो, हे मी ऐकलं होतं.

"नाही रे. घातले होते."

त्या दिवशी शिफ्ट बदलली होती. आधीचा माणूस लहान चणीचा, हात छोटे. तारेची लांबी त्याच्या मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापाने लावलेली. डायही नवीन चढवली होती, पुढच्या बाजूला थोडी मोठी. तार कुणी परत लावून पाहिली नाही. बाबांचे पंजे मोठे आहेत, माझ्यापेक्षाही. ठोकळा आला, तारेने हात खेचला, जेवढा खेचायला हवा होता तेवढाच खेचला. दुसऱ्या माणसाची बोटं बाहेर आली असती. बाबांची दोन पेरं आत राहिली.

मी नंतर शोधलं. अमेरिकेतल्या प्रेसच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की असे खेचणारे पट्टे प्रत्येक कामगाराच्या मापाने लावायचे, प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला तपासायचे, डाय बदलली की परत तपासायचे, माणूस बदलला की परत. प्रत्येक वाक्यामागे कुणाची तरी बोटं असणार.

आई उठून आत गेली. बाबांनी विचारलं, "तो दादा कुणाची दोरी वापरणार आहे?"

आणि खरंच, दादाला त्याच्या एका मित्राने स्वतःची जुनी लीश देऊ केली होती. फुकट. घोट्याला बांधायची, ५ फुटी, सर्फिंगची. मित्र पाच-चार. दादा पाच-अकरा.

घोट्याच्या दोरीबद्दल मला आधीच शंका होती. वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टला ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पावसाने फुगलेल्या नदीत उभ्याने वल्हवायच्या बोर्डांवर एक गट गेला आणि बंधाऱ्यावरून खाली ओढला जाऊन चार जण दगावले. त्यानंतर तिकडे वारंवार बजावून सांगितलं गेलं की वाहत्या पाण्यात घोट्याला दोरी बांधू नका. बोर्ड बंधाऱ्याच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या, पाण्याचा लोंढा मध्ये, आणि सोडायचा पट्टा पायाशी. लोंढ्यात वाकून पायापर्यंत हात नेऊन दाखवा. कमरेला बांधा, आणि एका ओढीत सुटेल अशी. आपला रावेतचा बंधारा जुलैत पाहिला असेल तर जास्त समजवायची गरज नाही. दादाच्या खाडीतली ओहोटी म्हणजे रुंद नदीच.

मराठीत यासाठी शब्द आहे, आणि तो मला बाबांनीच आठवून दिला. निरगाठ म्हणजे ओढाल तेवढी आवळत जाणारी, नखं तुटली तरी न सुटणारी. सुरगाठ म्हणजे घट्ट बसते, पण मोकळं टोक ओढलं की एका क्षणात सुटते. परकराच्या नाडीची असते ती. लीशवाल्या कंपन्यांनी पट्ट्यावर लाल गोळा बसवलाय, त्याला मोठं इंग्रजी नाव दिलंय, पेटंटं घेतलीत. आहे ती सुरगाठच.

तर दादासाठी ठरलं ते असं. दोरी हवीच, कारण हलका बोर्ड वाऱ्याने पळतो आणि हातातला पंख त्याला गाठून देऊ शकत नाही. काइटचा नियम इथे चालणार नाही, तिथला माणूस पतंगाबरोबर पळत असतो, इथला पाण्यात अडकून पडतो. दोरी घोट्याला नको, कमरेला हवी. फॉइलवर पाय मागेपुढे करावे लागतात, पायाची दोरी पाण्यात लोंबते, ओढ लागते आणि खांबाला गुंडाळू शकते. म्हणून टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी वेटोळ्यांची, जी उभं असताना आखडून पाण्याबाहेर राहते. वेटोळ्याचा तोटा म्हणजे ती स्प्रिंगच, ओनीलची आठवण ठेवायची, हेल्मेट घालायचं, पडलो की आधी डोक्यावर हात. लांबी अशी की बोर्ड उलटा झाला तरी खालचे पंख अंगापर्यंत येऊ नयेत. ६ ते ८ फुटांच्या मिळतात, त्याच्या उंचीला आणि खांबाला मी ८ म्हटलं. बोर्डाची दोरी पट्ट्याला मागून, पंखाची दोरी पुढून, म्हणजे दोन्हीकडून ओढ आली तर एकमेकांत गुंतायला नकोत. आणि दोन्ही वेगवेगळ्या सुटायला हव्यात. बोर्ड शेवटपर्यंत सोडायचा नाही, तोच तरंगतो. आधी पंख सोडायचा, पैसे गेले तरी.

लीश आल्यावर दादाने व्हिडिओ कॉल केला. मी बाबांना बोलावलं. वहिनी पण होती, म्हणजे तिला सगळं सांगावं लागलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते कसं झालं असेल हे दिसत होतं. दादा हॉलमध्ये पट्टा बांधून उभा. बाबा म्हणाले, "डोळे मीट. सूनबाई, तू दोरी ओढ. जोरात ओढ. आता सोडव."

दादा लाल गोळा शोधत राहिला. गोळा लाइफ जॅकेटच्या खाली दबला होता. वहिनी ओढतेय, दादा फरशीवर सरकतोय, हात जॅकेटखाली चाचपडतोय. मी मनात मोजत होतो, अकरा सेकंद. घरात, कोरड्या हातांनी.

पट्टा जॅकेटच्या वरून बांधला. गोळा उजवीकडे पुढे आणला. परत डोळे मिटले, वहिनीने पाय रोवून ओढलं, दोरी ताणली गेली आणि दादाने एका झटक्यात सोडली. वहिनी मागच्या सोफ्यावर जाऊन आदळली. दादा हसायला लागला.

बाबा हसले नाहीत. मोबाइलच्या आणखी जवळ येऊन म्हणाले, "हं. आता डाव्या हाताने."